बेक्ड मॅकरोनी आणि चोरीसची माळ



यंदा उन्हाळ्यात चार महिने मुलाकडे इंग्लंडात होतो. एका रविवारी नातीने जाहीर केलं, "आजोबा, आजचं जेवण माझ्याकडे." मॅकरोनी-चीज करणार होती. मी खूश. बडोद्याला आमच्या घरी हा पदार्थ साठ वर्षांपासून होतो, म्हटलं बघू या पोरीला काय जमतंय. तर तिने काचेच्या छोट्या बरणीतून लालभडक, लोण्यासारखा मऊ गोळा काढला. मला आधी लसणाची चटणीच वाटली. तिने तो कढईत टाकला, दोन मिनिटांत त्याला केशरी तेल सुटलं, आणि त्या वासाने मी खुर्चीतून उठलोच. हा वास ओळखीचा होता. मडगावचा होता.

"न्दूया म्हणतात याला. इटलीचं सॉसेज, पण ब्रेडवर लावता येतं असं. पोर्क आहे हं आजोबा, चालेल ना?"

सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "चालेल."

त्या "चालेल"च्या मागे एक जुनी गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो. आधी या पदार्थाची कुळकथा. पुढचे पंधरा दिवस मी गावातल्या लायब्ररीत जाऊन बसत होतो. बँकेतली सवय, कागद तपासल्याशिवाय सही करायची नाही.

आपल्याला वाटतं मॅकरोनी-चीज म्हणजे अमेरिकेचं. तसं नाही. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड, त्याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास पाककृतींची एक पोथी लिहिली. तिच्यात कणकेची पातळ पोळी लाटून, तुकडे करून, उकडून, त्यावर चीज आणि लोणी घालायची कृती आहे, आणि तिचं नावही मॅकरोनीशीच जुळणारं. आपल्या वरणफळांची लांबची बहीण म्हणा. पण आज आपण ज्याला ओळखतो ती कृती १७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड नावाच्या बाईंच्या पुस्तकात आली. या बाई मोठ्या घरात हाउसकीपर होत्या, नंतर मँचेस्टरात स्वतःचं दुकान काढलं. मॅकरोनी उकडून निथळायची, सायीत घालायची, पिठात घोळवलेला लोण्याचा गोळा टाकून पाच मिनिटं उकळायची आणि वर परमेजान चीज भाजून पसरायचं. पिठात घोळवलेलं लोणी आणि साय, म्हणजे व्हाइट सॉसच की! अडीचशे वर्षांत फारसा फरक नाही.

अमेरिकेत ती पोचली त्याची कथा मात्र बेचैन करणारी आहे. थॉमस जेफरसन १७८४ मध्ये पॅरिसला वकील म्हणून गेले तेव्हा जेम्स हेमिंग्स या आपल्या गुलामाला फ्रेंच स्वयंपाक शिकायला बरोबर घेऊन गेले. हा माणूस शिकून तयार झाला, मोठमोठ्या लोकांना जेवायला घालू लागला. सुटका १७९६ मध्ये मिळाली, तीही आपल्या धाकट्या भावाला सगळा स्वयंपाक शिकवून दिल्यावर. म्हणजे चार्ज हँडओव्हर केल्याशिवाय रिलीव्ह करणार नाही, अशातली गत! १८०१ मध्ये हेमिंग्स वारला. पुढच्याच वर्षी, १८०२ च्या फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या मेजवानीत मॅकरोनीचा भाजलेला पाय वाढला गेला. एका पाहुण्याने डायरीत लिहून ठेवलंय की त्याला तो मुळीच आवडला नाही. लोकांच्या तोंडी नाव मात्र राष्ट्राध्यक्षांचंच राहिलं, स्वयंपाक्याचं नाही.

नंतरचा टप्पा कारखान्याचा. जेम्स क्राफ्ट याने १९१६ मध्ये प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं आणि त्याच्या कंपनीने १९३७ मध्ये मंदीच्या दिवसांत १९ सेंटला चौघांचं जेवण म्हणून मॅकरोनी-चीजचं खोकं बाजारात आणलं. युद्धात रेशनिंग आलं तेव्हा ते आणखी खपलं.

आता आपल्या बडोद्याकडे येतो. बडोद्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत आणंद. तिथे खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा संघ १९४६ च्या डिसेंबरात नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल, कुरियन आणि दलाया ही तीन नावं आमच्या पिढीला पाठ. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशातले जाणकार सांगत होते, ती दलायांनी करून दाखवली. पुढे १९६० च्या सुमारास म्हशीच्या दुधाचं चीजही आलं, गोल पत्र्याच्या डब्यात. तो डबा फोडायचा मान घरातल्या मोठ्या मुलाचा, आणि रिकाम्या डब्यात आई मोहरी ठेवायची. अजून एक डबा आमच्याकडे आहे.

चीज आलं, पण ते खायचं कसं? ते शिकवलं विद्यापीठाने. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि त्यांनी १९५० मध्येच होम सायन्सची फॅकल्टी काढली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या कितीतरी मराठी मुली तिथे गेल्या. आमची ताई त्यांतलीच. १९६३ मध्ये एका रविवारी तिने जाहीर केलं, "आज बेक्ड डिश." घरात गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता, झाकणाला मधोमध काच. त्यात तोवर फक्त नानकटाई झाली होती. आम्ही चार भावंडं त्या काचेवर डोळा लावून बसलो. अण्णा, म्हणजे वडील, पहिला घास खाऊन म्हणाले, "शेवयांची खीर तिखट झाली की काय?" ताईने हिरवी मिरची घातली होती! बडोद्याची मराठी मॅकरोनी मिरचीशिवाय कधी झालीच नाही. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी हेच झालं असेल, सांगा.

ताईचा मंत्र असा: एक चमचा लोणी, एक चमचा मैदा, एक कप दूध. मैदा लोण्यात परतायचा पण लाल होऊ द्यायचा नाही. दूध गरम, थोडं थोडं. चीज घालायचं ते पातेलं खाली उतरवून. का, ते मला आता कळलं. मैद्यातला स्टार्च फुगून दुधाला धरून ठेवतो आणि चीजमधलं तूप वेगळं होऊ देत नाही. आच जास्त झाली की चीज आखडतं, रवाळ होतं आणि वर तेल तरंगतं. डब्यातल्या प्रोसेस्ड चीजमध्ये कारखान्यातच क्षार घातलेले असतात, ते सहसा फाटत नाही. म्हणून आमच्या आया-बहिणींच्या हातून हा पदार्थ बिघडला नाही. नातीने खरं चेडर वापरलं, आणि घाईत गॅसवरच घातलं. मी बोललो नाही. थोडं फाटलं.

आणि आता तो लाल गोळा. इटलीचा नकाशा बुटासारखा, त्या बुटाच्या पुढच्या टोकाला कालाब्रिया. तिथे मोंते पोरोच्या पठारावर स्पिलिंगा नावाचं खेडं, न्दूयाचं माहेर. नाव फ्रेंच आंदुयेवरून आलंय. नेपोलियनच्या काळात नेपल्सचं राज्य फ्रेंचांकडे गेलं, १८०८ ते १८१५ त्याचा मेहुणा म्युरा तिथला राजा. त्याच्याच वेळी हे नाव आणि ही कृती गरिबांत पसरली असं तिकडे सांगतात. कथा खरी-खोटी देव जाणे, पण म्युरा राज्य गमावून परत आला, १८१५ च्या ऑक्टोबरात याच मुलखातल्या पित्सो गावी पकडला गेला आणि गोळी घालून मारला गेला, हे मात्र पक्कं.

न्दूया हे मुळात कुळांचं खाणं. डुकराची मांडी, पाठ, चांगलं मांस जमीनदाराकडे किंवा बाजारात जायचं. उरायची चरबी, गालाचे-पोटाचे तुकडे, आतली फुप्फुसं वगैरे. ते बारीक वाटून, मीठ आणि भरमसाट तिखट मिरची घालून आतड्यात भरायचं, धुरी द्यायची आणि महिनोन्महिने टांगून ठेवायचं. मांसापेक्षा चरबीच जास्त, म्हणून ते कधी कडक होत नाही, सुरीने पोळीवर लोण्यासारखं लागतं. मिरची चवीपुरती नाही, टिकवण्यासाठीही. काळी मिरी श्रीमंतांची, विकत घ्यायची, तीही आपल्या मलबारातून गेलेली. तांबडी मिरची परसात उगवते.

इथे मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. कारण ही मिरची कालाब्रियात आली ती अमेरिकेतून, स्पेनमार्गे, कारण नेपल्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. आणि आपल्याकडे आली तीही अमेरिकेतूनच, पोर्तुगीजांमार्फत, गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतल्यावर. एकाच झाडाच्या दोन फांद्या, आणि दोन्हीकडे गरिबाच्या डुकराला टिकवायचं काम. गोव्यात मांसाचे तुकडे मिठात मुरवतात, उन्हात ठेवतात, तिखट मसाला वाटतात तो माडाच्या व्हिनेगरात, आणि आतड्यात भरून दोऱ्याने मणी पाडतात. जपमाळच दिसते. चोरीस लावता येत नाही, तुकडे असतात, आणि व्हिनेगरचा आंबटपणा न्दूयात नाही. पण कांद्याबरोबर कढईत टाकलं की तेच केशरी तेल, तोच वास.

आता माझी गोष्ट.

१९७७ ते ८० मी बँकेच्या मडगाव शाखेत होतो. घरमालकीणबाई ख्रिश्चन, विधवा, पावसाळ्यात मासे मिळेनासे झाले की रोज चोरीस-पाव. आमचं घर मांसाहारी, पण मटणसुद्धा मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजायचं. डुकराचं तर नाव नको. मी पहिल्या पावसाळ्यात नाही म्हटलं, दुसऱ्यात खाल्लं. आवडलं. दिवाळीच्या रजेवर निघताना बाईंनी कौतुकाने एक माळ दिली, नाही म्हणवेना. ट्रंकेत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोन चादरी. त्या काळी मडगाव ते बडोदे म्हणजे गाड्या बदलत दोन रात्रींचा प्रवास.

ट्रंक उघडली आणि माजघरात व्हिनेगरचा वास. आईने गाठोडं सोडलं. मी म्हटलं, "एका सहकाऱ्याचं आहे, इथे कोणाला तरी द्यायचंय." आई एवढंच म्हणाली, "कोणाला?" मला नाव सुचेना. तिने ते पुडकं चिमट्याने उचललं आणि मागच्या दाराने बाहेर गेली. परत आली तेव्हा हात रिकामे. चादरी धुवायला टाकल्या, आंघोळ केली, मला जेवायला वाढलं. विषय पुन्हा निघाला नाही. ती ८९ साली गेली. एवढी क्षुल्लक गोष्ट, पण आपण तिच्याशी खोटं बोललो आणि कोणीतरी मायेने दिलेलं उकिरड्यात जाऊ दिलं, ही टोचणी राहिली. बाईंना पत्रात मी लिहिलं होतं, सगळ्यांना आवडलं म्हणून. म्हणजे खोटं दोन्हीकडे.

तर त्या रविवारी न्दूयाची मॅकरोनी खाल्ली. पाव किलो मॅकरोनीला तिने साधारण ऐंशी ग्रॅम न्दूया घातलं होतं. त्याचीच चरबी सुटते म्हणून व्हाइट सॉसला लोणी कमी, हे पोरीने बरोबर ओळखलं होतं. पांढऱ्या सॉसचा रंग गाजरासारखा झाला. वर पावाचा चुरा, ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटं. चीज तिखटाची धार कमी करतं आणि तिखट चीजचा मठ्ठपणा. मी दोनदा घेतली.

संध्याकाळी बडोद्याला ताईला फोन. ती आता ऐंशीची, कान तिखट. "काय खाल्लंस?" विचारलं. काय झालं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. न्दूया, मडगाव, ट्रंक, माळ.

ताई हसायला लागली. म्हणाली, "आईला काय कळलं नव्हतं? तुझ्या शर्टालाही तोच वास होता."

"मग फेकलं तिने..."

"फेकलं कुठे? गल्लीच्या टोकाला ते व्हायोलिन शिकवणारे गोव्याचे मास्तर राहायचे ना, त्यांच्या बायकोला नेऊन दिलं. माझ्या हातात पिशवी धरायला लावली होती. त्या बाई दारातच रडल्या, म्हणे सहा वर्षांत बघितलं नव्हतं. त्या नाताळात आपल्याकडे केक आला होता, आठवतो?"

केक आठवत नव्हता. त्या नाताळात मी मडगावात होतो.

"आईने खाल्ला?" मी विचारलं.

"अंडं असतं म्हणून आधी नको म्हणाली. मग रात्री कपाटाजवळ दिसली मला," ताई म्हणाली. "बरं, ते चीज गॅसवर असतानाच घातलं का पोरीने? फाटलं असेल. दे तिला फोन."