हजेरीपासून मोजदादीपर्यंत
व्हर्च्युअल मशीनची यादी काढण्याचे काम खुद्द व्हर्च्युअल मशीनइतकेच जुने आहे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली वापरात आली. संगणक एकच, पण बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचा वाटावा अशी तिची रचना होती. याच घराण्यातली व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केली. तिथे माणूस लॉगऑन झाला की त्याचे मशीन उभे राही आणि लॉगऑफ झाला की नाहीसे होई. मागे उरत त्या डिस्कवरच्या फायली. ‘क्वेरी नेम्स’ या आज्ञेचे उत्तर त्यामुळे शाळेतल्या हजेरीपटासारखे असे. जो दिसतो तो हजर, जो नाही तो नाही.

हजेरीपट डोळ्यांनी वाचायला सोपा होता, प्रोग्रॅमने चाळायला मात्र किचकट. एका ओळीत चार-चार नावे, मध्ये स्वल्पविराम, आणि टर्मिनल सोडूनही मशीन चालू ठेवणाऱ्याच्या नावापुढे ‘डीएससी’ ही अक्षरे. अशी बेवारस चालणारी मशीन शोधायची तर आधी आज्ञेचे उत्तर पकडणे आले. ‘एक्सेकआयओ’ ही आज्ञा ते उत्तर ओळीओळीने स्टॅकवर रचून देई आणि स्क्रिप्ट एकेक ओळ उचलून तोडे. इंग्लंडमधल्या हर्स्ली येथे माइक काउलिशॉ यांनी १९७९ साली हाती घेतलेली रेक्स ही भाषा अशा कामांसाठी फार सोयीची ठरली. डेन्मार्कच्या जॉन हार्टमन यांच्या सीएमएस पाइपलाइन्सने पुढे हेच काम एका ओळीत आणले: उत्तर घ्या, स्वल्पविरामापाशी फोडा, ‘डीएससी’ असलेले ठेवा, मोजा. यामागची कल्पना युनिक्सच्या पाइपची. तो पाइप केन टॉम्प्सन यांनी डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ साली प्रत्यक्षात आणला होता.

व्हीएमवेअरने १९९९ साली वर्कस्टेशन आणि २००१ साली ईएसएक्स सर्व्हर बाजारात आणले, तेव्हा हजेरीपटाची कल्पनाच कोलमडली. इथे मशीन म्हणजे डिस्कवरच्या फायलींचा गठ्ठा. बंद केले तरी ते जागेवरच राहते आणि जागा अडवते. कुणीतरी चाचणीसाठी तयार केलेले मशीन, तो माणूस नोकरी सोडून गेल्यावरही वर्षानुवर्षे पडून राहू शकते. ‘कोण चालू आहे?’ या प्रश्नाशेजारी आता ‘काय पडून आहे, आणि कुणाचे?’ हा प्रश्न येऊन बसला. हजेरीचे काम गोदामाच्या मोजदादीवर आले. सुरुवातीला सर्व्हरच्या कन्सोलवर ‘व्हीएमवेअर-सीएमडी’ने यादी काढायची, प्रत्येक मशीनची सेटिंगची फाइल ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने चाळायची, नाहीतर पर्लमध्ये स्क्रिप्ट लिहायची, असा रिवाज होता.

खरा बदल दुसऱ्याच दिशेने आला. मायक्रोसॉफ्टच्या जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ साली ‘मोनाड मॅनिफेस्टो’ लिहिला. आज्ञेचा मजकूर तोडायचा आणि तुकडे बरोबर पडू देत म्हणून देवाचा धावा करायचा, ही रीत त्यांना खटकत होती. पाइपमधून मजकुराऐवजी वस्तूच, म्हणजे ऑब्जेक्ट, पुढे सरकावी असे त्यांचे म्हणणे. त्यातून नोव्हेंबर २००६ मध्ये पॉवरशेल बाहेर आले. व्हीएमवेअरने त्यावर २००८ साली आपला टूलकिट बसवला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव पॉवरसीएलआय झाले. ‘गेट-व्हीएम’ने मशीन आणायची, ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’ने बंद असलेली निवडायची, ‘एक्सपोर्ट-सीएसव्ही’ने एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल बनवायची. कितव्या रकान्यात काय आहे, हे स्क्रिप्टला माहीत असण्याची गरज उरली नाही.

या सोयीची किंमत वेळात मोजावी लागली. ‘गेट-व्हीएम’ प्रत्येक मशीनचा बराच तपशील घेऊन येते. हजारो मशीन असली की नुसती नावे हवी असलेल्या माणसालाही ताटकळावे लागते. जाणकार मग ‘गेट-व्ह्यू’कडे वळले. त्यात हवे तेवढेच गुणधर्म मागता येतात. पण त्यातल्या फिल्टरला दिलेला शब्द रेग्युलर एक्सप्रेशन म्हणून, म्हणजे जुळवायचा नमुना म्हणून, वाचला जातो, त्यामुळे ‘टेस्ट१’ मागितले की ‘टेस्ट१०’ आणि ‘टेस्ट११२’ही हजर होतात. दोन्ही टोकांना खुणा लावायला विसरलेल्या स्क्रिप्टने अहवाल फुगणे ही या धंद्यातली नेहमीची फजिती.

अहवालात सर्वांत जास्त शोध घेतला गेला तो स्नॅपशॉटचा, म्हणजे मशीनच्या एका क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीचा. स्नॅपशॉट घेतल्यावर मशीनमधला प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत साठत जातो आणि लक्ष नसेल तर ती फाइल डिस्क भरून टाकते. एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअर स्वतः सांगते. तरी तो काढायचे राहून जातेच. ॲलन रेनूफ यांची ‘व्हीचेक’ ही स्क्रिप्ट त्यामुळेच घरोघरी पोचली. ती सगळी यादी देतच नाही, जिथे बिघाड वा ढिलाई आहे तेवढेच रोज ईमेलने कळवते. लांबलचक अहवाल कुणी वाचत नाही, हे तिने बरोबर ओळखले होते.

मालकाचा प्रश्न मात्र स्क्रिप्टला सुटत नाही. नोंदच नसेल तर चाळणार काय? व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ५.१ मध्ये, म्हणजे २०१२ साली, टॅग आले, तेव्हा विभाग, मालक, मुदत असे शिक्के मशीनवर मारण्याची नीट सोय झाली. शिक्का मारायचे काम अर्थात माणसाचेच राहिले.

ॲमेझॉनची ईसी२ ही सेवा २००६ साली सुरू झाली, तेव्हा मशीन चालू असे नाहीतर कायमचे संपे. व्हीएम/३७०चा हजेरीपटच जणू परत आला. डिसेंबर २००९ मध्ये ईबीएस या ॲमेझॉनच्याच साठवणसेवेच्या डिस्कवरून चालणारी मशीन थांबवून ठेवता येऊ लागली. थांबलेल्या मशीनच्या चालण्याचे पैसे लागत नाहीत, त्याच्या डिस्कचे लागतात, आणि ते दर महिन्याच्या बिलात दिसतात. तिथे मशीनची यादी मागणाऱ्या आज्ञेला ‘फिल्टर्स’ दिले तर चाळणी ॲमेझॉनच्या सर्व्हरवर होते, ‘क्वेरी’ दिली तर आलेले उत्तर मागणाऱ्याच्या संगणकावर गाळले जाते.