संसर्गरुग्णालय आणि लोकविश्वास : आर्थर रोड रुग्णालयाचा धडा

संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयाचा इतिहास हा केवळ इमारती, खाटा व औषधे यांचा इतिहास नव्हे. रुग्ण तेथे कोणत्या भावनेने येतो, यावरच त्याचा सारा कारभार अवलंबून असतो. या दृष्टीने मुंबई म्युनिसिपालिटीच्या आर्थर रोड रुग्णालयाचा, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयाचा, प्लेगकाळातील अनुभव उद्बोधक आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम सुटला. घरातून नेलेले माणूस बहुधा परत येत नसे. त्यामुळे रुग्ण लपविले जात व अखेरच्या अवस्थेतच रुग्णालयात पोहोचत. साहजिकच मृत्यू वाढत आणि भीती दृढ होई. रुग्णांची काळजे काढून राणीकडे धाडतात, असाही प्रवाद पसरला. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. तेव्हा सक्ती शिथिल करावी लागली.

या कामगारवर्गात कोकणाप्रमाणेच साताऱ्याचेही लोक पुष्कळ होते. १८९७ च्या आरंभापर्यंत लाखो लोकांनी मुंबई सोडली. त्यांच्याबरोबर रोगही घाटावर गेला आणि रुग्णालयाविषयीचे भयही. १८९१ ते १९०१ या दशकात सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८० हजारांनी घटली. या घटीस प्लेगाइतकाच दुष्काळही कारणीभूत होता.

१८९७ च्या साथरोग कायद्याने सक्तीला पुन्हा बळ मिळाले. परंतु त्याच वेळी जनरल गेटेकर यांच्या प्लेग समितीने निरनिराळ्या जातिजमातींना स्वतंत्र रुग्णालये चालविण्यास उत्तेजन दिले. पुण्यातही हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. आपल्या माणसांचा सहवास आणि आपल्या हातचे अन्न मिळताच लोकांचा विरोध बराच ओसरला. मात्र या विश्वासाची किंमत म्हणून रुग्णशय्येवरही जातिभेद मान्य झाला, हे विसरता येत नाही. पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी निराळा मार्ग दाखविला. एका अस्पृश्य मुलाला त्यांनी उचलून आणले आणि त्याच सेवेत रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

पुढे शास्त्रानेही सक्तीचा पाया डळमळीत केला. उंदरांच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. गाठीच्या प्लेगात रुग्णाला अलग केल्याने साथ थांबणे शक्यच नव्हते. म्हणजे ज्या उपायासाठी लोकांचा विश्वास गमावला, तो उपायच बहुतांशी निरुपयोगी होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी शासनाने समजावणी, ऐच्छिक लसटोचणी व गाव सोडून माळावर राहणे यांवर भर दिला, तो याच अनुभवातून. रुग्णालय आधी विश्वासाचे स्थान व्हावे लागते, मगच ते उपचाराचे स्थान होते. तो विश्वास सर्वांसाठी सारखाच असावा, हा ससाणे मळ्याचा धडा मात्र त्या काळी फार थोड्यांनी घेतला.