गायक शेतावर का गेले?



गेल्या नाताळातली गोष्ट. आमच्या बालाघाटच्या मुलांनी दोन महिने सराव करून चार गाणी बसवली होती, दोन मराठी आणि दोन हिंदी. एकाने मोबाइलवर चित्रीकरण करून ती यूट्यूबवर टाकली. तीन दिवसांनी एका गाण्यावर कॉपीराइटची नोटीस आली आणि व्हिडिओ दिसेनासा झाला. मुले हिरमुसली. ढोलक वाजवणारा मुलगा मला म्हणाला, “काका, आपण तर देवाचंच गाणं म्हटलं. देवाच्या गाण्यात चोरी कसली?”

मला उत्तर देता आले नाही. गाणे कुणाचे आहे ते तरी पाहू, म्हणून आम्ही क्वायरची वही उघडली. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेली ती वही. त्या गाण्याखाली कवीचे नाव नव्हते. पाने उलटत गेलो, तर एकाही गाण्याखाली नव्हते. वर्षानुवर्षे आम्ही ती गाणी म्हणतो आहोत आणि लिहिणारा कोण हे आम्हाला ठाऊक नाही! त्या रात्री मी शास्त्र उघडले ते नहेम्याच्या पुस्तकात, तेराव्या अध्यायावर.

हा अध्याय आपण सहसा शब्बाथाच्या विषयासाठी वाचतो. पण दहाव्या वचनापाशी जरा थांबा. इ.स.पू. पाचव्या शतकातली ही हकिगत. नहेम्या राजाकडे गेला होता, तो यरुशलेमेस परत आला आणि पाहतो तर मंदिरातली सेवा थंडावलेली. चौकशी केली तेव्हा कळले की लेव्यांचा आणि गायकांचा वाटा त्यांना दिलाच गेला नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते. नहेम्याने गायकांना दोष दिला नाही. त्यांची भक्ती कमी पडली असेही तो म्हणाला नाही. त्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, गायकांना परत बोलावले आणि कोठारांवर विश्वासू माणसे नेमली.

आपला जिल्हा भाताचा. कापणी झाली की मजुराचा हिशेब वेळेवर झाला पाहिजे, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. पण गाणे हे शेत आहे आणि ते पिकवणारा मजूर आहे, हे मात्र आपल्या देशाच्या ध्यानात यायला फार वर्षे लागली. तो इतिहास आज थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ साली झाला. त्याच्या सतराव्या कलमाचा आधार घेऊन चित्रपटाचे निर्माते म्हणत, की आम्ही पैसे देऊन गाणे लिहून घेतले, चाल बांधून घेतली, म्हणजे मालक आम्हीच. कवीला आणि संगीतकाराला ठरलेली रक्कम एकदा मिळायची. मग ते गाणे रेडिओवर वाजो, हॉटेलात वाजो की लग्नाच्या मांडवात; पन्नास वर्षे वाजले तरी लिहिणाऱ्याच्या घरी त्यातला एक पैसा पोहोचत नसे.

एकदाच दाम घेतला की संपले का? या प्रश्नावर १९६० च्या दशकात आपल्या दोन थोर गायकांचेही बिनसले होते. लता मंगेशकर म्हणत, की गाणे विकले जात राहते, तर गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे. महंमद रफी म्हणत, की ठरलेले पैसे मिळाले, आपला हक्क संपला. काही वर्षे ती दोघे एकत्र गायलीच नाहीत. दोघांत लोभी कुणी नव्हते. रफीसाहेबांच्या बोलण्यात समाधान होते आणि लताबाईंच्या बोलण्यात न्याय. हे दोन शब्द लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्यांच्याकडे यायचे आहे.

१९६९ साली कवी आणि संगीतकारांच्या हक्कांसाठी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ स्थापन झाली. तिने गाणी जाहीरपणे वाजवण्याचे दर जाहीर केले. निर्माते आणि चित्रपटगृहांचे मालक यांच्या संघटनांनी हरकत घेतली. १९७३ साली कॉपीराइट बोर्डाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मार्च १९७७ रोजी तिथेही गीतकार हरले. निर्मात्याने मोबदला देऊन गाणे करवून घेतले असेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर चित्रपटातल्या त्या गाण्याचा हक्क निर्मात्याचाच, असा निकाल झाला.

पण त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःची एक टिप्पणी जोडली. गाणे ज्याच्या कंठातून येते त्या गायकाला आपल्या कायद्यात जागाच नाही, संसदेने याचा विचार करावा, असा तिचा रोख होता. कायदा आहे तसा लावणे त्यांना भाग होते, पण कायदा अपुरा आहे हे सांगायला ते कचरले नाहीत.

संसदेने विचार केला, पण सावकाश. १९९४ च्या दुरुस्तीत गायक-वादकांच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. कवी आणि संगीतकारांना आणखी अठरा वर्षे थांबावे लागले. राज्यसभेत सदस्य म्हणून आलेले गीतकार जावेद अख्तर यांनी ही बाजू लावून धरली. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जूनपासून ती लागू झाली. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजते ते सोडून गाणे इतर कुठेही वापरले गेले, तर रॉयल्टीत कवीचा आणि संगीतकाराचा समान वाटा, असे ठरले. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा वाटा त्यांना करारातून सोडून देता येणार नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येईल.

स्वतःचा हक्क सोडायलाही कायद्याने मनाई का करावी? कारण गरजू माणूस ‘राजीखुशीने’ कशावरही सही करतो. काम हातचे जाईल या भीतीने केलेली सही ही राजीखुशी नव्हे. हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

तरीही वाद मिटला नाही. एफएम रेडिओवाले म्हणत, की आम्ही रेकॉर्डिंगचे पैसे कंपनीला देतो, मग कवीला वेगळे कशाला? २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितले, की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी-संगीतकारांची रॉयल्टी वेगळी द्यावीच लागेल. १९६९ पासून मोजा: चोपन्न वर्षे. नहेम्याला कोठार उघडायला इतका वेळ लागला नव्हता!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मुलाच्या प्रश्नाला मी अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल. ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गीत गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणले आणि ते आपण सर्वांनी शाळेत म्हटले आहे. त्याची मुळे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांत आहेत. पुढे तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायांनी ते म्हटले आणि मग नागरी हक्कांच्या चळवळीने. १९६० च्या सुमारास त्यावर कॉपीराइट नोंदवला गेला. २०१६ साली काहींनी न्यायालयात विचारले, की दोन-चार शब्द बदलले म्हणून सगळ्यांचे गाणे एकाचे कसे होते? पुढच्या वर्षी न्यायाधीश डेनिस कोट यांनी म्हटले, की पहिल्या कडव्यातले बदल मालकी सांगण्याइतके स्वतंत्र नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड झाली आणि ते गाणे सर्वांना मोकळे झाले. म्हणजे मजुराचा वाटा अडवणे जसा अन्याय, तसे गावाच्या विहिरीला कुंपण घालणे हाही अन्यायच.

मग चर्चमध्ये आपण गातो त्याचे काय? भिऊ नका. आपल्याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे गाण्याला मुभा आहे. रविवारच्या उपासनेत, लग्नाच्या विधीत मनमोकळे गा. पण ही मुभा विधीपुरती आहे. गाणे रेकॉर्ड करून जगभर पसरवणे, पुस्तक छापून विकणे, सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवून ‘आमचे नवे गीत’ म्हणून सीडी काढणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीसाठी बांधलेली आपली धून सिनेमात आली म्हणून २००८ साली संगीतकार राम संपत मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. तिथे त्यांची बाजू ग्राह्य धरली गेली आणि प्रदर्शनाच्या तोंडावर निर्मात्यांना त्यांच्याशी तडजोड करावी लागली. सिनेमावाल्यांना जे चालत नाही, ते चर्चवाल्यांना चालावे का?

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो, पुढे रचना सर्वांची होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले, त्यामुळे त्यांची भजने आता तुमची-आमची आहेत. टिळकांचे नाव आपल्या भागाला परके नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यांचे आयुष्य पालटले. तो रेल्वेमार्ग गोंदियावरूनच जातो, म्हणजे आपल्या अंगणातून! ह्याच टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार आपणहून सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. मराठी मंडळी आजही त्यांच्या शब्दांत प्रार्थना करते.

इथे रफीसाहेबांचे समाधान आणि लताबाईंचा न्याय एकत्र येतात. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात नेमके हेच समजावले आहे. सुवार्ता सांगणाऱ्याचा उपजीविकेवर हक्क आहे, हे तो आधी ठासून सांगतो, आणि मग म्हणतो की मी तो हक्क बजावला नाही. हक्क सोडणे हे सेवकाचे दान आहे. तो अडवणे हा दुसऱ्याचा अपराध आहे. टिळकांनी पगार सोडला म्हणून आजच्या एखाद्या गरीब ख्रिस्ती कवीला “देवाचेच काम आहे, पैसे कसले?” असे विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. त्याने सोडले तर त्याचे आभार मानू. आपण मात्र अडवू नये.

आणि पैसे नाही तर निदान नाव! इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात मंदिराच्या गायकांची नावे एकेक करून लिहिली आहेत. स्तोत्रांच्या माथ्यावर आसाफाचे नाव आहे, कोरहाच्या मुलांचे आहे. देवाची गाणी असूनही देवाने गाणाऱ्यांची नावे पुसली नाहीत. ती आम्ही झेरॉक्सच्या मशीनवर पुसली.

ढोलकवाल्या मुलाला मी आता उत्तर दिले आहे. गाणे देवाचे आहे, बाळा, पण ते देवाने कुणाच्या तरी हातून लिहून घेतले आहे. त्या हाताची मजुरी आणि नाव आपण राखायचे. आता दर शनिवारी सरावानंतर मुले एकेका गाण्याचा कवी शोधतात आणि वहीत पेन्सिलीने नाव लिहितात. सापडले नाही तर जागा कोरी ठेवतात. आतापर्यंत सव्वीस नावे सापडली. नाताळच्या गाण्यासाठी आम्ही ज्याचे त्याला पत्र लिहून परवानगी मागितली आहे.

तुमच्या मंडळीतही गाण्याची वही असेलच. येत्या रविवारी ती एकदा उघडून पाहा.

प्रार्थना करू या: हे प्रभू, ज्यांच्या शब्दांनी आम्ही तुझी स्तुती करतो, त्यांची आठवण आम्हाला राहू दे. ज्यांचा वाटा आमच्या हातून अडला असेल, त्याची आम्हाला क्षमा कर आणि तो परत करण्याची बुद्धी दे. तुझ्या घरातले गायक पुन्हा कधी उपाशीपोटी शेतावर जाऊ नयेत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.