पेल्यांतील कडवटपणा आणि नांवांतील हिंदुस्थान

कल्याणजवळच्या उल्हासनगरांत 'कॅम्प १' कोठें, हें कोणीही सांगेल. परंतु तेथें छावणी शोधूं जाणाराला ती सांपडणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत या ठिकाणीं लष्कराचा ट्रँझिट कॅम्प होता. पलटणी येत, मुक्काम करीत आणि पुढें निघून जात. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं आपले संसार मांडले व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं वसाहतीला 'उल्हासनगर' हें नांव मिळालें. तरीही कॅम्पांचे आंकडे लोकांच्या तोंडीं कायम राहिले. प्रवासी जातो, मुक्कामाचें नांव मागें उरतें.

असेंच मागें उरलेलें एक नांव बिअरच्या बाटलीवर आढळतें: 'इंडिया पेल एल'. फिकट रंगाच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवापासून, ती तयार होते व तींत हॉप या वेलीचीं फुलें सढळ हातानें घालतात. पेला ओठाशीं नेतांच संत्र्याच्या सालीचा आणि चिडाच्या राळेचा वास येतो. जिभेला क्षणभर जवाची गोडी लागते. आणि मग येतो तो कडवटपणा. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या माणसालाही तो थबकावयास लावतो, आणि घोट उतरल्यावरही घशाशीं रेंगाळतो.

हा कडूपणा कशासाठीं? हॉपच्या फुलांतील राळ उकळीमध्यें उतरते व बिअर नासविणाऱ्या कित्येक जंतूंना आळा घालते. सुगंधी तेलें मात्र उकळतांना उडून जातात. म्हणून कांहीं फुलें अखेरीस, अथवा थंड झालेल्या पिंपांतच टाकण्याची पद्धत आहे. अठराव्या शतकांत विलायतेहून निघालेलें जहाज केपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून, चार ते सहा महिन्यांनीं हिंदुस्थानास पोहोंचे. एवढ्या उष्म्यांत टिकावयाचें तर बिअरला हॉपचें कवच हवें होतें.

लंडनच्या पूर्वेस बो येथें हॉजसन यांचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी तेथून जवळ. शिवाय कप्तानांना ते अठरा महिन्यांपर्यंत उधारी देत. त्यांनींच खास हिंदुस्थानासाठीं ही बिअर शोधून काढली, अशी कथा रूढ आहे. ती पुरती खरी नव्हे. हॉप भरपूर घातलेली, मुरवून प्यावयाची 'ऑक्टोबर बिअर' इंग्लंडांत पूर्वीपासूनच होती. सागरी प्रवासानें तिचें मुरणें लौकर झालें, इतकेंच. साधा गोरा शिपाई तर बहुधा काळसर पोर्टर पीत असे, आणि तीही हा प्रवास सहन करी. फिकट एल ही मुख्यतः अंमलदारांच्या मेजावरची वस्तु. 'ईस्ट इंडिया पेल एल' हें नांव छापील स्वरूपांत १८२९ सालीं आढळतें, तेंही सिडनीच्या वृत्तपत्रांत.

१८२० नंतरच्या दशकांत बर्टन गांवच्या ऑलसॉप यांनीं या व्यापारांत हात घातला. तेथील पाण्यांत जिप्सम विपुल असल्यामुळें कडवटपणा अधिक स्वच्छ उतरे. हळूहळू हॉजसन मागें पडले. पुढें बर्फयंत्रें आलीं, हलक्या लागर बिअरची चलती झाली आणि ही एल निस्तेज होत गेली. तिला नवा जीव मिळाला तो अमेरिकेंत: १९७२ मध्यें प्रसृत झालेल्या कॅस्केड हॉपनें तेथील छोट्या कारखान्यांना तीव्र सुगंधाची गोडी लावली.

महाराष्ट्रांत ही लाट उशिरां आली. उल्हासनगरास नांव मिळालें त्याच १९४९ सालीं मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला; तो पुढें शिथिल झाला, तरी पिण्याच्या परवान्याची अट राहिली. २००९ मध्यें पुण्यांत 'डूलाली' हें बिअरगृह निघालें. हा शब्द देवळालीच्या लष्करी छावणीवरूनच गोऱ्या शिपायांच्या बोलींत रुळलेला. २०१४ मध्यें कॅम्प १ पासून थोड्याच अंतरावर, डोंबिवलींत, गेटवे ब्रूइंग कंपनीची बिअर तयार होऊं लागली.

आतां केपचा वळसा नाहीं, विषुववृत्ताचा उष्मा नाहीं. थंड पिंपांत बिअर हॉपवांचूनही पुष्कळ टिकते. तरी कडवटपणा टिकून आहे. एके काळीं जी गरज होती, तीच आज आवड झाली आहे. आणि ज्या हिंदुस्थानाच्या नांवें ती एल इतकीं वर्षें विकली गेली, तेथेंच ती तयार होऊन तेथल्याच माणसाच्या पेल्यांत पडूं लागली, तेव्हां कोठें त्या नांवाला आपला पत्ता सांपडला.