बाटलीतली गोगलगाय

फराळाचे ताट पुढ्यात असताना कोर्टकचेरीचा विषय काढू नये, एवढे मलाही कळते. शिवाय मी वकील नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या, असा माझा संसार. तरी यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचेना. याला कारण माझ्या हातचा एक कागद.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी तेव्हा शिकवीत होतो. ज्वारीची मळणी चालू होती. माझ्या चौथीतल्या एका मुलाचा बाप एका बागाइतदाराच्या शेतावर गडी होता. मळणी यंत्राच्या तोंडावरचा पत्रा काम भराभर उरकावे म्हणून काढून ठेवला होता. दिवस मावळायच्या सुमाराला कणसांबरोबर त्याचा उजवा हात आत गेला आणि चार बोटे गेली. मालक काही राक्षस नव्हता. त्याने गड्याला आपल्या जीपमधून दवाखान्यात नेले, तिथले बिल भागवले, दोन पोती ज्वारी घरी पोचवली. पंधरा दिवसांनी देवळाच्या पारावर चार शहाणी माणसे जमली. ‘गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यासारखं, तुम्हीच लिहा,’ असे म्हणून त्यांनी कागद माझ्या हाती दिला.

मी लिहिले. अपघात माझ्याच चुकीने झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे मी काही मागणार नाही. गड्याने मान वर केली. ‘गुरुजी, देऊ का अंगठा?’ मी वर्गात म्हणी शिकवणारा माणूस. म्हटले, ‘दे बाबा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ अंगठा डावाच लागतो, आणि तो शाबूत होता.

मी ही गोष्ट विसरलोही होतो. पुढे एका कादंबरीत मला कोर्टाचा प्रसंग हवा होता, म्हणून तालुक्याच्या एका वकील स्नेह्याकडे गेलो. त्यांनी एक जाडजूड ग्रंथ समोर टाकला आणि म्हणाले, ‘आधी ही गोगलगाय वाचा.’

ती गोगलगाय अशी. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराजवळ पेझली नावाचे गाव आहे. २६ ऑगस्ट १९२८, रविवारची संध्याकाळ. मे डॉनह्यू नावाची तीस वर्षांची बाई ग्लासगोहून ट्रामने तिथे आली. दुकानात नोकरी करणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, चार मुलांपैकी एकच हाताशी उरलेली अशी ही बाई. ती सोबतच्या माणसाबरोबर एका कॅफेत बसली. ते सोबतचे माणूस कोण, हे आजतागायत कोणाला कळलेले नाही. त्या माणसाने बाईसाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. नावात बिअर असली तरी हे पेय म्हणजे आपल्या गोटीसोड्याचा भाऊबंदच. बाटली काळपट काचेची, आतले काही दिसायची सोय नाही. बाईने थोडे प्यायले, आणि उरलेले पेल्यात ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय तरंगत बाहेर आली! बाईच्या म्हणण्याप्रमाणे त्या दर्शनाने आणि आधी पोटात गेलेल्या घोटांनी तिची प्रकृती बिघडली. तीन दिवसांनी ती डॉक्टरकडे गेली आणि पुढच्या महिन्यात तिला ग्लासगोच्या इस्पितळात दाखल व्हावे लागले.

आता वाचक म्हणतील, मग सरळ भरपाई मागावी. पण मागायची कोणाकडे? कॅफेवाल्याने बाटली बंद स्थितीत घेतली आणि बंद स्थितीतच आणली, त्याचा दोष काय? शिवाय पैसे दिले होते सोबतच्या माणसाने. म्हणजे करार त्याचा, आणि त्याला तर काही झालेले नाही. राहता राहिला बाटली भरणारा कारखानदार स्टीव्हन्सन. त्याचा आणि बाईचा कसलाच व्यवहार नव्हता, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे जिथे व्यवहार नाही तिथे जबाबदारी नाही.

ही समजूत कुठून आली तेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला झाला. मालकाची गाडी अतोनात भरलेली, ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड दिले, पण वरच्या कोर्टात लॉर्ड ॲबिंजर यांनी ते काढून घेतले. त्यांचा युक्तिवाद मासलेवाईक होता. नोकराला अशी भरपाई द्यायची म्हटले तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणूनही नोकर धन्यावर फिर्याद करील! धोका वाटत होता तर नोकराने गाडीत बसायचेच नव्हते. पुढे १८४२ मध्ये टपालाच्या घोडागाडीचा एक हाकणारा याच लॉर्डसाहेबांपुढे आला. गाडी नीट ठेवण्याचा मक्ता ज्याने घेतला होता त्याने ती ठेवली नाही, ती वाटेत मोडली आणि हाकणारा जन्माचा लंगडा झाला. पण मक्ता पोस्टमास्तर जनरलशी, हाकणाऱ्याशी नव्हे. त्याला भरपाई दिली तर रस्त्यावरचा हरेक जखमी माणूस दावे करीत सुटेल, अशी भीती न्यायाधीशांना वाटली. जखमी माणूस पुढे उभा असताना उद्या येणाऱ्या जखमींची धास्ती घ्यायची, हा न्याय मला आमच्या पारावरच्या शहाण्यांसारखा वाटतो.

डॉनह्यूबाईंना वॉल्टर लीचमन नावाचा वकील भेटला. या गृहस्थाने त्याआधी जिंजर बिअरच्याच बाटलीत उंदीर निघाल्याची दोन प्रकरणे लढवली होती आणि दोन्ही हरली होती. तो निकाल २० मार्च १९२९ चा. नंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ९ एप्रिलला त्याने गोगलगायीची फिर्याद पाचशे पौंडांसाठी दाखल केली. याला चिकाटी म्हणावे की वेड, वाचकांनी ठरवावे. पहिला न्यायाधीश बाईच्या बाजूने गेला. नोव्हेंबर १९३० मध्ये वरच्या न्यायासनाने उंदरांच्या निकालाकडे बोट दाखवून तिला घालवून दिले. आता उरले लंडनचे हाउस ऑफ लॉर्ड्स. तिथे दाद मागायला पैसा लागतो आणि हरल्यास दुसऱ्या बाजूचा खर्चही अंगावर येतो.

इथे बाईने जे केले ते मला सबंध प्रकरणात मोठे वाटते. तिने नादारीचा अर्ज केला. शाळेत फी माफीला नादारी म्हणत, तीच ही कोर्टातली नादारी. जगात आपल्या मालकीचे पाच पौंडांचेही काही नाही, असे तिने शपथेवर लिहून दिले. चर्चचे धर्मगुरू आणि दोन वडीलधारी मंडळी यांनी ते खरे असल्याचा दाखला दिला. आपल्या दारिद्र्याचा असा पंचनामा चारचौघांत मांडणे सोपे नसते. मी वर्गात नादारीचे अर्ज भरून घेतले आहेत. मुले मान खाली घालून कागद पुढे सरकवतात, वडिलांची मिळकत तोंडाने सांगत नाहीत. बाईचा अर्ज मंजूर झाला आणि तिचे वकील फी न घेता उभे राहिले.

२६ मे १९३२ रोजी निकाल लागला. पाच न्यायाधीशांपैकी तीन बाईच्या बाजूने, दोन विरुद्ध. एवढ्या केसभर अंतराने सगळे घडले! लॉर्ड ॲटकिन यांनी बायबलातल्या शेजारधर्माचा धागा धरला. कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी कोण? आपल्या हयगयीची झळ ज्याला बसेल हे आपल्याला आधीच कळायला हवे होते, तो. मग त्याच्याशी करार असो वा नसो, ओळख असो वा नसो. बाटली भरणाऱ्याने बाटली पिणाऱ्याचे भान ठेवले पाहिजे, कारण मध्ये कोणी ती उघडून पाहणार नाही.

गंमत अशी की बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती, हे कधी सिद्ध झालेच नाही. लॉर्डांपुढे प्रश्न एवढाच होता, की बाईचे म्हणणे खरे धरले तर तिला दाद मागता येते का? पुराव्याची सुनावणी व्हायची होती, पण नोव्हेंबर १९३२ मध्ये स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण आपसात मिटले. बाईला दोनशे पौंड मिळाले असे सांगतात. १९५८ साली ती एका मनोरुग्णालयात वारली. आपल्या नावाचा खटला जगभरच्या कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो, हे तिला कितपत ठाऊक असेल कोण जाणे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही आपली म्हण, पण हिच्या पोटातल्या पायांनी मात्र फार लांबची वाट चालली.

ती वाट आपल्या दारापर्यंतही आली. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला सुमारे दोनशे मैल मोटारीने पुण्याला आणले. तिथल्या इस्पितळात हाड बसवण्याचा उपचार झाला आणि त्याच दिवशी रात्री मुलगा गेला. त्याचा बाप स्वतः डॉक्टर होता. भूल न देता वाजवीपेक्षा जास्त जोर लावून पाय ओढला, ही त्याची तक्रार. तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल बापाच्या बाजूने कायम झाला. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता करायचा हे ठरवताना आणि तो करताना, तिन्ही वेळी डॉक्टरवर काळजीचे कर्तव्य असते, असे न्यायालयाने सांगितले. भरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षे आणि तीन हजार! पण तो बाप पैशासाठी चालत नव्हता, एवढे कळायला मास्तरालाही वकील व्हावे लागत नाही. इस्पितळाची फी देणारा रोगी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात जाता येते, हे ठरायला त्यानंतर १९९५ उजाडले.

हयगयीहून वाईट तो जुलूम, आणि तो करणारे सरकारच असेल तर? बिहारमध्ये एक कैदी १९६८ साली निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर पडला १९८२ मध्ये. चौदा वर्षे त्याला कोणी सोडलेच नाही. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये, नुसती सुटका झाली म्हणजे न्याय झाला असे मानायचे नाकारले आणि राज्याकडून पस्तीस हजार रुपये देवविले. रक्कम तुटपुंजीच. पण मूलभूत हक्क तुडवला तर सरकारनेही पैसे मोजावेत, ही पायरी तिथे बांधली गेली. शिवाय दिवाणी दावा करून आणखी मागण्याची वाटही त्याला मोकळी ठेवली.

हे सगळे मी वकीलसाहेबांच्या ओसरीवर बसून वाचत होतो. आमच्या गड्याची गोष्ट मी त्यांना सांगितली ती सहज, चहा पिता पिता. ते उठले आणि त्यांनी दुसरे पुस्तक काढले. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा. यंत्राने चालणाऱ्या शेतीवर राबणारा गडीही त्यात बसत होता, आणि भरपाई मागायला धन्याची हयगय सिद्ध करायचीही गरज नव्हती. अपघात कामावर झाला, एवढे पुरे होते. मुदत दोन वर्षांची. मग त्यांनी सतरावे कलम वाचून दाखवले. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून देणारा जो काही करार केला असेल, तो तेवढ्यापुरता रद्दबातल. गड्याचा अंगठा, पंचांच्या सह्या, माझे मोत्यासारखे अक्षर, सगळे त्या कलमापुढे फुकट होते. मी लिहिण्याआधी ऐंशी वर्षे तो कागद रद्दी ठरलेला होता, आणि त्या पारावर हे ठाऊक नसलेला एकमेव साक्षर माणूस मी नसलो तरी लेखणी माझ्याच हातात होती.

‘आता?’ मी विचारले. ‘आता मुदत उलटून पंधरा वर्षे झाली,’ ते म्हणाले. ‘उशिराचे सबळ कारण दाखवता आले तर अर्ज घेत, पण तुमचा गडी काय कारण दाखवणार?’ कारण मी होतो. तसे मी त्यांना बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या गावी जाऊन आलो. गडी आता थकला आहे, पण डाव्या हाताने विळा झकास चालवतो. मुलगा पुण्याकडे कारखान्यात आहे. मी त्याला गोगलगायीपासून सतराव्या कलमापर्यंत सगळे सांगितले आणि शेवटी माझी चूकही सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. घरातून चहा आला. बशीत ओतून फुंकर घालत तो म्हणाला, ‘त्या बाईला लिवता येत हुतं का वो?’

येत होते, मी म्हणालो.

‘मंग बरं झालं,’ तो म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.