सात वर्षांचा हिशोब

नवरा तुरुंगात गेला की शिक्षा एकट्याला होत नाही. तो आत सरकारी भाकरी खातो, बाहेर बायको लोकांचे बोल खाते. तिला मोकळं व्हायचं असलं तर? ह्या प्रश्नाचा मागचा माग काढताना मला सात हा आकडा जागोजाग भेटला.

खालच्या म्हणवलेल्या जातींत काडीमोड होता, पाट होता, मोहतूर होता. पांढरपेशे त्याला नाकं मुरडत. पण त्याच रूढीनं बाईला पंचांपुढं उभं राहून 'मला नांदायचं नाही' म्हणायला जागा दिली. ब्राह्मणी शास्त्राच्या घरात ही जागा नव्हती. पंच देवमाणसं होते असं मी म्हणत नाही. दंड उकळायचे, बाईची अब्रू चव्हाट्यावर मांडायचे, निवाडा पुरुषांचाच. तरी दार होतं.

साहेबाच्या कायद्यानं ते लावून घेतलं. १८६० च्या दंडसंहितेचं कलम ४९४: नवरा हयात असताना दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंत कैद. १८७६ साली मुंबई हायकोर्टानं संभू रघू खटल्यात निकाल दिला की, लग्न रद्द ठरवायचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांवर विश्वास ठेवून केलं, हा बचावही चालणार नाही. सूट होती ती अशी. नवरा सलग सात वर्षं बेपत्ता असावा, जिवंत असल्याचं कानावर नसावं. तुरुंगातला नवरा बेपत्ता कसा? त्याचा पत्ता तर सरकारच्याच वहीत!

आणि तुरुंगात कोण जात होतं? १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी हजेरीला बांधले गेले, सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडले गेले. तो कायदा १९५२ साली गेला. खाकीचा संशय गेला नाही.

पुढं दारं उघडली, पण दुसऱ्यांची. १९३६ च्या कायद्यानं पारशांना आणि १९३९ च्या कायद्यानं मुसलमान बायकांना, जोडीदाराला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर घटस्फोट मागता आला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मात्र तुरुंगवास हे कारणच नाही. आपण १९५६ ला धम्म घेतला, तरी हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. क्रूरता शाबित करा, नाहीतर १९७६ पासून आलेली दोघांची संमती मिळवा. ती संमती गजाआडून आणायची.

एक फट राहिली. त्याच कायद्याच्या कलम २९ नं रूढीचा काडीमोड शाबूत ठेवला. पण रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, हे कोर्टात बाईनंच शाबित करायचं. ज्यांच्या रूढीला शंभर वर्षं गुन्हा म्हटलं, त्यांनी तिचे पुरावे कुठून आणायचे?

म्हणून बायांनो, काडीमोडाचा कागद, पंचांच्या सह्या, साक्षीदारांची नावं जपून ठेवा. १९८७ च्या कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो, कैदेतल्या माणसालाही मिळतो. तो हक्कानं मागा. नवऱ्याचा गुन्हा नवऱ्याचा. त्याची शिक्षा बायकोनं का भोगायची?