शुभंकरांची निवडणूक

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तत्त्वज्ञान सोडून बाहुल्यांकडे कधी वळलात?" त्याला म्हटलं, ये, ऐक आणि मग ठरव.

सुरुवात एका नदीपासून करू. जपानच्या शिकोकू बेटावर, कोची प्रांतात, सुसाकी नावाचं एक लहानसं किनारी शहर आहे. तिथल्या शिंजो नदीत १९७९ साली एक पाणमांजर दिसलं. जपानी पाणमांजराचं ते शेवटचं खात्रीलायक दर्शन. पुढे वर्षानुवर्षं कुणाला काही दिसलं नाही, आणि २०१२ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने ती जात नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१६ साली, हे पाणमांजर देशभरच्या एका लोकप्रियता-स्पर्धेत पहिलं आलं! म्हणजे त्याचं सोंग. नाव 'शिंजो-कुन', नदीवरून ठेवलेलं. गुबगुबीत पोशाख, आत माणूस, आणि डोक्यावर टोपी म्हणून रामेनचं भांडं. सुसाकीत मातीच्या भांड्यात उकळते रामेन खायची पद्धत आहे, ते भांडं.

हसू येतं, येऊ द्या. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जो प्राणी त्या नदीने गमावला, तोच गावाने आपला चेहरा म्हणून निवडला.

अशा गावशुभंकरांना जपानीत 'युरू-क्यारा' म्हणतात. 'युरुई' म्हणजे सैल, ढिलं, ताण नसलेलं. हे नाव मिउरा जुन या चित्रकार-लेखकाने या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं, आणि त्यात थोडी थट्टाही होती. सरकारी कार्यालयांनी हौसेने केलेली, जरा फसलेली ही सोंगं त्याला मनापासून आवडली. त्याने तीन लक्षणं सांगितली: त्यात आपल्या गावाबद्दलचं प्रेम असावं, हालचाल डगमगती पण स्वतःची असावी, आणि एकूण प्रकार सैल, लोभस असावा. मला यातलं दुसरं लक्षण फार आवडतं. गाव म्हणजे काही पलटण नव्हे. ते डगमगतच चालतं.

गावांना ही गरज का पडली? १९९९च्या सुमारास जपानमध्ये ३,२३२ नगरपालिका आणि ग्रामपालिका होत्या. सरकारने विलीनीकरणाची मोहीम काढली आणि मार्च २०१० पर्यंत त्या १,७२७ उरल्या. दहा-अकरा वर्षांत जवळपास निम्मी नावं पाट्यांवरून गेली. तरुण आधीच टोकियो-ओसाकाकडे गेलेले, शाळा बंद पडत चाललेल्या. २०१४ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने तर ८९६ नगरपालिकांची यादीच छापली: ही गावं पुढे नाहीशी होण्याची शक्यता आहे. आपल्या गावाचं नाव अशा यादीत वाचताना काय वाटत असेल?

अशा काळात एक मांजर आलं. बिवा सरोवराकाठच्या हिकोने शहरातला किल्ला २००७ साली चारशे वर्षांचा झाला, त्या निमित्ताने 'हिकोन्यान' जन्मला. पांढरं मांजर आणि डोक्यावर सामुराईचं लाल शिरस्त्राण. ('न्यान' म्हणजे आपलं म्याव.) गोष्ट अशी सांगतात की हिकोनेचा सरदार ई नाओताका एका झाडाखाली थांबला असताना देवळातल्या मांजराने पंजा हलवून त्याला आत बोलावलं, आणि तो आत गेला तोच बाहेर वीज कोसळली. ते देऊळ, गोतोकु-जी, आज टोकियोत आहे. लाल चिलखत ही ई घराण्याची ओळख. म्हणजे त्या एका गमतीदार पोशाखात चारशे वर्षांचा इतिहास शिवलेला होता, आणि शाळेत तो इतिहास ऐकून जांभया देणारी पोरं मांजराबरोबर फोटो काढायला रांगा लावू लागली.

या लाटेवर २०१० पासून 'युरू-क्यारा ग्रां प्री' ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली. पद्धत साधी. शुभंकरांची नोंदणी करायची, लोकांनी इंटरनेटवर मत द्यायचं. एका ई-मेल पत्त्याला दिवसाला एक मत. पुढे शेवटच्या मेळाव्यात प्रत्यक्ष मतंही धरू लागले. २०११ साली जिंकला कुमामोन. काळं अस्वल, लाल गाल, कायम आश्चर्यचकित डोळे. क्यूशू बेटावरची बुलेट ट्रेन पूर्ण होणार, तेव्हा प्रवासी मधल्या कुमामोतोत उतरतील की सरळ पुढे जातील, या काळजीतून तो घडवला होता. ती रेल्वे सुरू झाली १२ मार्च २०११ रोजी, त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी. उद्‌घाटनाचे सोहळे रद्द झाले. तरी अस्वल चाललं. कुमामोतो प्रांताने एक शहाणपणा केला होता: परवानगी घ्या, पण चित्र वापरायचे पैसे देऊ नका. बिस्किटाच्या पुड्यापासून सगळीकडे तो दिसू लागला. बँक ऑफ जपानच्या कुमामोतो शाखेने दोन वर्षांतला त्याचा आर्थिक परिणाम मोजला, तो सुमारे १२,४४० कोटी येन!

हा आकडा सगळ्या नगरपालिकांनी वाचला. इथून पुढे गाडी घसरू लागली, असं माझं मत आहे. २०१५ साली स्पर्धेत नोंदी झाल्या १,७२७. विलीनीकरणानंतर उरलेल्या पालिकांचा आकडा आठवतोय ना? हुबेहूब तोच. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करू नका. शिवाय त्या नोंदींपैकी १,०९२च स्थानिक शुभंकर होते, बाकीचे ६३५ कंपन्यांचे. पण आकडे कधीकधी थट्टा करतात.

आता थोडं तत्त्वज्ञान, नाहीतर माझा तो विद्यार्थी रागवेल. हॉब्जने १६५१च्या 'लेव्हायथन'मध्ये 'पर्सन' या शब्दाचं मूळ सांगितलं आहे. लॅटिन 'पर्सोना', म्हणजे रंगभूमीवरचं सोंग, मुखवटा. तो म्हणतो, दुसऱ्याच्या वतीने जो बोलतो वा वागतो, तो त्याचं सोंग वागवत असतो. आणि लोकसमूहाला एकत्व येतं ते त्याच्या वतीने वागणारा कुणीतरी असल्यामुळे. गाव स्वतः बोलू शकत नाही, त्याला मुखवटा लागतो. पण मुखवटा नेहमी कुणासमोर तरी घालायचा असतो, समोर परका बसलेला असावा लागतो. या स्पर्धेचं मर्म तेच होतं. मतांच्या निमित्ताने सुसाकीचा माणूस होक्काइदोच्या माणसाला आपल्या नदीची गोष्ट सांगत होता. क्रमांक हे केवळ निमित्त.

मग २०१८ आलं. मिए प्रांतातल्या योक्काइची शहराचा 'कोन्यूदो-कुन' आघाडीवर होता. त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. एक तानुकी, म्हणजे रॅकूनसारखा दिसणारा रानकुत्रा, राक्षसाचं रूप घेऊन व्यापाऱ्यांना छळायचा. लोकांनी त्याच्याहून मोठा बाहुला केला. तानुकीने आपला आकार वाढवला, तेव्हा बाहुल्याची मान यंत्राने लांब-लांब केली. तानुकी हरला आणि पळाला. तो लांबमान्या 'ओन्यूदो' आजही योक्काइचीच्या उत्सवात रथावर निघतो, आणि कोन्यूदो-कुन हा त्याचा मुलगा.

त्या वर्षी शहरानेही मान लांब केली. पालिकेने मोठ्या संख्येने ई-मेल पत्ते तयार केले, ते कर्मचाऱ्यांना वाटले, आणि मतं टाकून घेतली. इतरही एक-दोन शहरांबद्दल तेच उघड झालं. संयोजकांनी संशयास्पद मतं वगळली, आणि अखेर जिंकला शिकी शहराचा 'कापारू' हा पाणभूत. कोन्यूदो-कुन तिसरा.

योक्काइचीला हसणं सोपं आहे. पण हे शहर जगाला माहीत आहे ते 'योक्काइची दम्या'मुळे. पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या धुराने १९६०च्या दशकात तिथले लोक दम्याने घायाळ झाले, आणि १९७२ साली न्यायालयाने सहा कंपन्यांना जबाबदार धरलं. ज्या गावाचं नाव आजाराला चिकटलं आहे, त्याला दुसऱ्या कशासाठी तरी पहिलं यावंसं वाटणारच. हा माझा तर्क. पण कचेरीत बसून गावाने गावालाच मत दिलं, तेव्हा समोरचा परका नाहीसा झाला. आरशापुढे सोंग काढल्यासारखं झालं ते. निवृत्तीआधीची काही वर्षं मीही एका महाविद्यालयात गुणांकनाचे तक्ते भरले आहेत, तेव्हा दगड मारायला माझा हात फार उंच जात नाही.

जाता जाता फुनाश्शीचं सांगतो. फुनाबाशी शहराचं पिवळं पिअर फळ. शहराने त्याला अधिकृत मानलं नाही, ही स्पर्धाही त्याने कधी जिंकली नाही, आणि तरी उड्या मारत-किंचाळत तो देशभर गाजला.

२०२० साली स्पर्धा संपवायची ठरली. नोंदी सातशेच्या आत आल्या होत्या. शेवटचा मेळावा इवाते प्रांतातल्या ताकिझावात झाला, आणि शेवटचा विजेता त्याच प्रांतातला, 'ताकाता नो युमे-चान', म्हणजे 'ताकाताचं स्वप्न'. हे रिकुझेनताकाता शहराचं शुभंकर. त्सुनामीआधी तिथे सुमारे चोवीस हजार माणसं होती. त्यांतली सतराशेहून अधिक गेली. किनाऱ्यावर सत्तर हजारांच्या आसपास पाइन वृक्ष होते, उभा राहिला एक. खाऱ्या पाण्याने तोही मेला. मग लोकांनी त्याच्या खोडात आधार घालून तो होता तिथेच पुन्हा उभा केला. आजही तो तिथे आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने विचारा, मला आताशा कमी ऐकू येतं.